१४० मिलिमीटरची वाघीण

छंदांच्या सदरात या वेळी वाघीण आली आहे. घाबरू नका. मालगाडीच्या डब्याला आपले आजोबा वाघीणच म्हणायचे. ‘वॅगन’ मराठी तोंडात असा बसला. माझ्या टेबलावरची वाघीण चष्म्याच्या घरात मावेल एवढी आहे.

मूळ डबा अमेरिकेतला. पुलमन-स्टँडर्ड कंपनीने १९४७ पासून बांधलेला पीएस-१ जातीचा चाळीस फुटी बंद मालडबा. एचओ मापात मूळच्या एका फुटाचे साडेतीन मिलिमीटर होतात, म्हणजे प्रमाण साधारण १:८७. चाळीस फुटांचे झाले १४० मिलिमीटर. या मापात धडधाकट माणूस दोन सेंटिमीटरचा होतो.

खेळणं कुठलं आणि मॉडेल कुठलं हे ओळखायला मी आधी शिडी बघतो. स्वस्त डब्यात शिडी आणि हाताने धरायच्या कड्या भिंतीवरच उमटवलेल्या असतात. चांगल्या डब्यात त्या सुट्या असतात, मागून उजेड दिसतो. मूळ कडीचा गज पाऊण इंच जाड. त्याला ८७ ने भागलं की पाव मिलिमीटरही उरत नाही. जवळपास तेवढीच बारीक तार वाकवायची, तेवढंच बारीक भोक पाडायचं आणि श्वास रोखून ती बसवायची. डब्याच्या एका बाजूला माझी एक संध्याकाळ जाते. तोवर पंखा बंद. त्यावरून घरात जे ऐकावं लागतं ते इथे छापण्यासारखं नाही.

मग छत. त्याच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अरुंद पट्टी असते. नवख्याला ती नक्षी वाटते. ती चालायची वाट आहे. एअर ब्रेक नव्हते तेव्हा प्रत्येक डब्याचा हातब्रेक वेगळा असे आणि ब्रेकमन धावत्या गाडीच्या छतावरून एका डब्यावरून दुसऱ्यावर जात एकेक चाक फिरवत. पावसात, बर्फात, रात्रीसुद्धा. डबे जोडणं याहून वाईट होतं. दोन डब्यांमध्ये उभं राहून नेमक्या क्षणी खिळा घालायचा. क्षण चुकला की बोटं गेली. एली जॅनी यांनी आपोआप अडकणाऱ्या, मुठीसारख्या कपलिंगचं पेटंट १८७३ साली घेतलं, पण अशी कपलिंग आणि एअर ब्रेक सक्तीचे करणारा कायदा व्हायला १८९३ साल उजाडलं. मधली वीस वर्षं बोटं जातच राहिली. छतावरची वाट त्यानंतरही टिकली. १९६६ नंतरच्या नव्या डब्यांवर ती दिसत नाही.

आमच्या धाकट्या आजोबांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. ते यार्डात शंटिंगला होते. आपल्याकडे तेव्हा मालगाडीला स्क्रू कपलिंग असायचं, आणि ते लावायला बफरांच्या मधे शिरावं लागे. आम्ही मुलं त्या हाताकडे बघायचो आणि आजी आमच्याकडे. कोणी कधी विचारलं नाही. मुठीसारखं कपलिंग आणि एअर ब्रेक असलेल्या बॉक्सएन वाघिणी १९८० च्या दशकात आल्या, तोवर ते निवृत्त झाले होते.

म्हणून कपलिंग मी सगळ्यात शेवटी आणि सावकाश बसवतो. कॅडी कंपनीचं वापरतो. डबे हलकेच एकमेकांवर ढकलले की जुळतात, रुळांमधल्या चुंबकावर थांबवले की सुटतात. चुंबक ज्या तारेला ओढतो ती खाली लोंबणारी वाकडी तार दिसते मात्र एअर ब्रेकच्या नळीसारखी. हात कुठेच घालावा लागत नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर वजनाकडे लक्ष द्या. हलका डबा वळणावर रूळ सोडतो. या मापाच्या डब्याला साधारण ११० ग्रॅम लागतात. आत नटबोल्ट चिकटवले तरी चालतात.

आपली ब्रॉडगेज वाघीण करायची म्हटलं तर एक अडचण आहे. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, आणि आपले १६७६ मिलिमीटर ८७ ने भागले तर १९ च्या वर जातात. चाकं आत ओढावी लागतात, डोळ्याला खटकतं. आपली डभोईची नॅरोगेज मात्र बरोबर बसते. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, तिथे बैलांनी गाडी ओढली. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. भागून पावणेनऊ येतात, आणि एन मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. त्या मार्गांचे बरेच रूळ आता उखडले गेले. प्रतापनगरला जुनं काही जपलेलं आहे, तिथल्या वाघिणीची मापं घ्यायला मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं आहे. सकाळी लवकर निघू, दुपारी लोखंड तापतं.