चुंबकाला विश्रांती नाही

मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये एका तरुणाचा मृत्यू झाला. तो रुग्ण नव्हता. नात्यातील वृद्धेला तपासणीसाठी घेऊन आला होता. प्राणवायूचा सिलिंडर हाती घेऊन तो एमआरआयच्या खोलीत शिरला आणि यंत्राने सिलिंडरसह त्यालाही ओढून घेतले. यंत्र बंद असल्याचे कर्मचाऱ्याने सांगितले होते, असा नातेवाइकांचा आरोप होता. त्याचा निवाडा न्यायालयाचा विषय होय. परंतु ‘यंत्र बंद आहे’ हे वाक्य रुग्णालयात कोणी उच्चारू शकावे, हीच चिंतेची बाब आहे; कारण शास्त्रदृष्ट्या ते जवळजवळ निरर्थक आहे.

या यंत्राचा गाभा म्हणजे मिश्रधातूच्या तारेचे वेटोळे. द्रवरूप हेलियममध्ये ते उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवले की तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह बाहेरच्या विजेवाचून फिरत राहतो. दिवे मालवतात, तंत्रज्ञ घरी जातो. चुंबकत्व मात्र रात्रंदिवस कायम असते. दीड टेस्लाचे यंत्र धरले तरी ते पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट भरते. त्याच्या प्रभावाखाली शरीरातील हायड्रोजनचे अणुगर्भ रेडिओलहरींना जो क्षीण प्रतिसाद देतात, त्यातून संगणक चित्र रचतो.

क्ष-किरणांचा येथे संबंधच नाही. तरीही सामान्य माणूस भितो तो किरणांना! मूळ नावातील ‘न्यूक्लिअर’ हा शब्द गळाला तो याच धास्तीपोटी, असे मानले जाते. नाव बदलले, भीती मात्र अस्थानीच राहिली. पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीवरची जुनी क्लिप, डोळ्यात रुतलेला लोखंडी कण यांविषयी खोदून विचारले पाहिजे. काही नव्या पेसमेकरांना अटींवर मुभा असते, पण ती तपासावी लागते. हा प्रश्न फॉर्मवरच्या सहीत उरकतो.

नातेवाइकांच्या अज्ञानाची सबब पुढे करण्यात अर्थ नाही. २००१ साली न्यूयॉर्कजवळ सहा वर्षांचा मुलगा यंत्रात असताना सिलिंडर आदळून दगावला. तो सिलिंडर आत आणणारे रुग्णालयातलेच होते. २०१४ साली नवी मुंबईत यंत्र आणि सिलिंडर यांमध्ये दोन कर्मचारीच सुमारे चार तास अडकून पडले. आणीबाणीची कळ दाबून हेलियम उडवून लावता येतो. पण त्यालाही मिनिटभर लागते, आणि सिलिंडर झेपावतो तो निमिषार्धात.

कोट्यवधींचे यंत्र घ्यायचे आणि त्याच्या दारात शिकवणूक न दिलेला हंगामी माणूस उभा करायचा, हा हिशेब कोणत्या अंदाजपत्रकात बसतो? अशा खोलीत चालणारे अॅल्युमिनियमचे सिलिंडर मिळतात. प्राणवायूची नळी भिंतीतून आणता येते. लोखंड ओळखणारा शोधक दाराशी बसवता येतो.