कार्ड ५ लाखांचं, पण शुगरच्या गोळीला एक रुपयाही नाही

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आता आयुष्मान कार्ड असेल. केंद्राची योजना २०१८ साली आली. महाराष्ट्रात त्याआधीपासून राजीव गांधी जीवनदायी योजना होती, तिचंच नाव २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत, असं सांगितलं जातं. ऐकायला छान वाटतं. पण हे ५ लाख कशासाठी आहेत, ते एकदा नीट बघा.

समजा तुम्ही ४५ वर्षांचे आहात आणि तुम्हाला डायबेटीस आहे. तुम्हाला लागतं काय? रोजच्या गोळ्या, दर ३ ते ६ महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी), वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. हे सगळं ओपीडीत होतं आणि ओपीडीला हे कार्ड चालत नाही. खिशाला परवडत नाही म्हणून तुम्ही तपासण्या टाळता, गोळ्या अधूनमधून बंद ठेवता. मग दहा-पंधरा वर्षांनी किडनी निकामी होते. आता मात्र कार्ड चालतं! डायलिसिसचे पैसे सरकार भरतं. अँजिओप्लास्टीचे भरतं, पाय कापायचा झाला तर त्याचेही भरतं.

मुक्त बाजारवाले सरकारी योजनांवर टीका करतात, तेव्हा त्यांना गरिबांची पर्वा नाही असं म्हणून आपण विषय संपवतो. पण त्यांचा मुख्य मुद्दा साधा आहे. ज्याला पैसे मिळतात ते वाढतं. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचं संरक्षण होतं. २०१२ च्या सुमारास छत्तीसगड आणि बिहारमध्ये या योजनेखाली बायकांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्याची प्रकरणं बाहेर आली. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ते सगळे डॉक्टर जन्मजात राक्षस होते असं मला वाटत नाही. गोळ्या देऊन घरी पाठवलं तर शून्य आणि पिशवी काढली तर पॅकेज, असा हिशोब सरकारनेच मांडून दिला होता.

दराचंही तसंच. कोणत्या ऑपरेशनला किती रुपये, हे कार्यालयात बसून ठरतं. दर कमी पडला की हॉस्पिटल म्हणतं, ‘योजनेचा बेड शिल्लक नाही’, नाहीतर वरचे पैसे बिनपावतीचे मागतं. दर जास्त ठरला की त्या ऑपरेशनचे पेशंट अचानक वाढतात. यावर उपाय म्हणून आणखी ऑडिट, आणखी पोर्टल! २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात आयुष्मानचे ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले सापडले. एवढ्या लांबून लक्ष ठेवता येत नाही.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, आजारपण म्हणजे भाजी बाजार नाही. बरोबर आहे. अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी हेच १९६३ मध्ये सविस्तर मांडलं होतं. छातीत कळ आल्यावर कोणी चार हॉस्पिटलांचे दर विचारत बसत नाही. तिथे विमा हवाच. पण बीपी, डायबेटीस, थायरॉईड, दमा यांचा पेशंट वर्षानुवर्षं येतो. त्याला आपल्या गोळ्यांची नावं पाठ असतात, दोन लॅबचे दर माहीत असतात, डॉक्टर पटला नाही तर तो बदलतो. म्हणजे निवड करणं जिथे खरोखर शक्य आहे, तिथेच आपण पेशंटच्या हातात काही दिलेलं नाही.

आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, हे मान्य. पण त्यासाठी अर्धा दिवस रांगेत जातो आणि रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते. शिवाय साठा संपला की ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी हातात पडते. पेशंट पुन्हा आला नाही तर केंद्राचं काहीच बिघडत नाही. माझ्या दवाखान्याचं बिघडतं.

बाजारवाल्या मित्रांनाही एक ऐकवायचं आहे. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेने मोठा प्रयोग केला. काही कुटुंबांना उपचार पूर्ण मोफत, तर काहींना खर्चाचा वाटा उचलायला लावला. मोफतवाल्यांनी उपचार जास्त घेतले, पण त्यांची तब्येत सरासरी फारशी सुधारली नाही. हा आकडा तुम्ही नेहमी सांगता. पण जे गरीब होते आणि ज्यांचं बीपी वाढलेलं होतं, त्यांना मोफत उपचारांचा स्पष्ट फायदा झाला, हे सांगत नाही. माझ्या ओपीडीतला निम्मा बाकडा याच लोकांनी भरलेला असतो.

म्हणून माझी मागणी अशी: याच कार्डावर ओपीडीसाठी वर्षाला एक ठरावीक रक्कम टाका. ती सरकारी केंद्रात, खासगी दवाखान्यात, लॅबमध्ये किंवा मेडिकलमध्ये, पेशंटला हवी तिथे वापरता येऊ दे. उरलेली रक्कम पुढच्या वर्षी त्याच्याच खात्यात राहू दे. मग खोट्या बिलावर तो स्वतःच लक्ष ठेवेल, त्यासाठी दिल्लीतून कोणी यायला नको. (मी ओपीडीवालाच आहे, त्यामुळे यात माझा स्वार्थ आहेच. तो धरूनच माझं म्हणणं तपासा.)

तोवर एवढं करा. वर सांगितलेल्या तपासण्या चुकवू नका आणि करण्याआधी दोन-तीन लॅबना फोन करून दर विचारा. २०२१ च्या नियमांनुसार महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमना दरपत्रक दिसेल असं लावावं लागतं. भिंतीवर दिसलं नाही तर काउंटरवर मागा. आणि योजनेत भरती असताना कोणी वरचे पैसे मागितले, तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठा किंवा १४५५५ वर फोन करा.