शिष्यवृत्ती पोराच्या खात्यात, काळजी बापाच्या डोक्यात. बँक हिशेब का दाखवत नाही?

'फी बाकी आहे' असा कॉलेजचा निरोप घरी येतो. पोरगं म्हणतं, शिष्यवृत्ती अजून जमा नाही. वडील तालुक्याला बँकेत जातात, तर साहेब म्हणतात, "खातेदाराला घेऊन या." बाप चिडतो. पण इथं बँक अडवणूक करत नाही, ती कायदा पाळते.

१८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार १८ वर्षं पूर्ण झाली की मुलगा-मुलगी सज्ञान. खातं लहानपणी पालकांच्या सहीनं उघडलं असलं तरी तिथून पुढं नवी सही आणि केवायसी मुलाची. पालकांचा हक्क संपतो. राष्ट्रीयीकृत बँकांवर ग्राहकाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन १९७० च्या कायद्यानंच घातलंय. वडील फी भरतात म्हणून यात सूट नाही.

शैक्षणिक कर्जाचं मात्र वेगळं. तिथं आई किंवा वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे कर्जखात्याचा उतारा त्यांना मागता येतो. बचत खात्याचा नाही.

घोळ वाढतो तो शिष्यवृत्तीत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा २०२१ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फी विद्यार्थ्यानंच कॉलेजला भरायची असते. ती थकली की दाखला अडकायची भीती.

पण पोरगं खोटंच बोलतंय असं नाही. आधारवरून येणारा पैसा शेवटी ज्या खात्याला आधार जोडला, तिथं पडतो. मध्ये कुठं नवं खातं उघडून आधार जोडला असेल, तर रक्कम तिकडं गेलेली असते आणि त्यालाच पत्ता नसतो. म्हणून आधी आधार कोणत्या बँकेला जोडलाय, हे पोरानं आधारच्या वेबसाईटवर पाहावं.

दुसरा धोका मोठा आहे. 'खातं वापरायला दे, दोन-चार हजार देतो' म्हणणाऱ्यांच्या जाळ्यात कॉलेजची पोरं सापडतात. फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो, खातं गोठतं आणि पोलिसांची नोटीस पोराच्या नावावर येते. घरी कळतं ते तेव्हाच.

मग एटीएम काढून घ्यायचं का? तो उपाय नाही. पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराच्या माथी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. शिवाय मुलीच्या प्रत्येक खर्चावर पाळत ठेवली, तर ती अडचणीच्या वेळी घरी सांगणारच नाही.

सरळ रस्ता असा: दर सहा महिन्यांनी पोरानं पासबुक भरून आणावं, शिष्यवृत्ती आणि फीच्या नोंदी आई-वडिलांसोबत बसून पाहाव्यात. खात्यात अनोळखी रक्कम दिसली तर ती खर्च करू नये, लगेच बँकेला कळवावं. फसवणूक झाली असेल तर १९३० वर फोन करावा. कायद्यानं दार बंद आहे, ते उघडायचं तर पोराच्या मर्जीनंच.