सूर तबलीचा, मोल पाठीचे

1862 साली आंतोनिओ दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने एक गिटार बांधली. तिची तबली, म्हणजे तारांखालची पातळ फळी, नेहमीसारखी स्प्रूसची होती; पाठ आणि बाजू मात्र पुठ्ठ्याच्या. सूर तबलीतून येतो, हे त्याला सिद्ध करायचे होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तरीही पुढची दीडशे वर्षे गिटारच्या जगाने सर्वाधिक कौतुक केले ते पाठीच्या लाकडाचे.

तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तिची थरथर घोडीतून तबलीत उतरते आणि मग तबली हवा हलवते. तबली जाड ठेवली तर सूर दबतो, फार पातळ केली तर तारांच्या ताणाने फुगते. म्हणून आतून पट्ट्या चिकटवतात, आणि खरे कसब तिथेच लागते. एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. कारागीर फळी वाकवून पाहतो, बोटाने ठोकून ऐकतो, रंध्याचा आणखी एक हात मारतो. तोरेसने पट्ट्यांची पंख्यासारखी मांडणी परिपूर्ण केली. आजची शास्त्रीय गिटार त्याच वळणाची आहे. फ्रान्सिस्को तारेगासारख्या वादकाने त्याची गिटार हाती घेतली, ती या कामामुळे.

तोरेस मुळात सुतार. अमेरिकेतल्या स्टील तारांच्या गिटारची परंपरा ज्याच्यापासून मोजतात तो सी. एफ. मार्टिनही सुतारांच्याच घरातला. त्याच्या मायदेशी, जर्मनीतल्या सॅक्सनीत, व्हायोलिनकारांच्या संघाने सुतारांचा गिटार बनवण्याचा हक्कच नाकारला होता. मार्टिन 1833 मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि पुढे पेनसिल्व्हेनियात स्थिरावला. 1840 च्या दशकात त्याच्या गिटारींत फुलीच्या आकाराच्या पट्ट्या आल्या. पुढे स्टीलच्या तारांचा ताण पेलला तो याच फुलीने.

पाठीसाठी मात्र ब्राझीलचा रोझवूड हवा, हा हट्ट वाढत गेला. देखणे, जड, तासल्यावर सुवास देणारे ते लाकूड. त्याची भूल पडणे मी समजू शकतो. पण अनेक धंद्यांनी मिळून ती झाडे इतकी तोडली की 1992 मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आली. त्याआधीच, 1969 च्या सुमारास, मार्टिन कंपनी भारतीय रोझवूडकडे वळली होती. हा भारतीय रोझवूड म्हणजे आपला शिसव, सह्याद्रीच्या रानातला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत आता तोही असुरक्षित गटात आहे.

2018 मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. सहा गिटारी, बांधणी एकच, फक्त पाठ आणि बाजूंची लाकडे सहा वेगवेगळी. 52 वादकांना त्या लाकूड दिसू न देता वाजवायला दिल्या. सर्व गिटारींना जवळपास सारखीच पसंती मिळाली; महागडा ब्राझिलियन रोझवूड उठून दिसला नाही. तोरेसच्या पुठ्ठ्याच्या गिटारने जे सुचवले होते, त्याला या मोजमापाने बळ दिले.

पाठीचा सुरावर काहीच परिणाम होत नाही, असे मी म्हणत नाही. पण दुर्मिळ लाकडासाठी वाढीव पैसे मोजणारा ग्राहक बहुधा नावाचे मोल देतो. तबली घडवणाऱ्या हाताला त्यातले फारसे मिळत नाही. अक्रोड, मेपल, सापेली यांच्या पाठीच्या उत्तम गिटारी बनतात. वादकांनी त्या बिनदिक्कत मागाव्यात. गिटार शिकवणाऱ्यांनीही विद्यार्थ्याला वाद्य निवडून देताना आधी तबली दाखवावी: तिच्या लाकडाच्या रेषा किती सरळ आहेत, ती किती जाड आहे, आतल्या पट्ट्या कशा तासल्या आहेत. पाठीच्या लाकडाचे नाव त्यानंतर विचारावे.