सुगम्यतेला लेखाशीर्ष हवं

मध्य प्रदेशातल्या धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळं, देशातल्या बहुतेक जिल्ह्यांप्रमाणे, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने पुरवलेल्या तयार चौकटीवर उभी आहेत. अक्षरं मोठी करणं, रंगसंगती बदलणं, स्क्रीन रीडरला पान वाचता येणं अशा सोयी या चौकटीत मुळातच आहेत. अडचण सुरू होते ती त्या चौकटीत रोज जे भरलं जातं तिथे.

आदेश निघतो, सही-शिक्का होतो, कागद स्कॅन होतो आणि त्याचं चित्र पीडीएफ म्हणून चढवलं जातं. देशभरातल्या कचेऱ्यांची ही रीत आहे. डोळसाला पान दिसतं. अंध माणसाच्या स्क्रीन रीडरला तिथे एकही अक्षर सापडत नाही. मूळ फाइल चढवली तरी अनेकदा ती कृतिदेव या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांवर कृतिदेवचा जो पगडा आहे, तो आपल्याकडे महाराष्ट्रात श्रीलिपीचा आणि सुरेखचा होता. पुष्कळ ठिकाणी अजून आहे. हे फॉन्ट रोमन अक्षरांवर देवनागरी आकार चढवतात. पडद्यावर ‘आदेश’ दिसत असतो आणि यंत्र मात्र ‘व्ही, के, एन, एस’ असं काहीतरी बोलत असतं. भरतीची यादी असो की पेन्शनचं परिपत्रक, ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

यात कुणाचा दुष्टावा नाही. पोर्टल उभारायला एकदाच पैसे मंजूर होतात, उद्घाटन होतं आणि फाइल बंद होते. ऑपरेटरला युनिकोड शिकवायचं, जुने कागद पुन्हा टाइप करून घ्यायचे, दर बदलानंतर पोर्टल तपासायचं, या कामांना अंदाजपत्रकात ओळच नसते. ज्याला ओळ नाही ते काम होत नाही.

न्यायालयांनी मात्र आता शंकेला जागा ठेवलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याखालचे नियम २०१७ चे. सेवा सुगम्य करायला कायद्याने दिलेली दोन वर्षांची मुदत २०१९ मध्येच सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेची मानकं ऐच्छिक ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत आहे. बंधनकारक मानकं तीन महिन्यांत ठरवा, असा आदेशही दिला. त्याच न्यायालयाच्या ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि ठरावीक काळाने सुगम्यतेची तपासणी करा, चाचणीत अंध व्यक्तींना घ्या, असे निर्देश दिले. हे सगळं पुन्हा पुन्हा करायचं काम आहे. म्हणून त्याची तरतूदही दरवर्षी हवी.

कुणी किती उचलायचं, हेही स्पष्ट करायला हवं. रहिवाशांच्या ओळख क्रमांकाचं, म्हणजे समग्र आयडीचं पोर्टल आणि ई-नगरपालिका ही राज्याची कामं. देवास महानगरपालिकेने किंवा धार नगरपालिकेने कितीही मनावर घेतलं तरी तिथलं एक बटणही त्यांना बदलता येणार नाही. तो खर्च भोपाळने करायचा. पण जिल्ह्यातून चढणारा प्रत्येक कागद आणि तो चढवणारा माणूस जिल्ह्याचा आहे. तिथे लागणारी रक्कम मोठी नाही. युनिकोड फुकट आहे, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. खर्च आहे तो प्रशिक्षणाचा, टंकलेखनाचा आणि तपासणाऱ्यांच्या मानधनाचा. हे मानधन त्याच दोन जिल्ह्यांतल्या अंध, कर्णबधिर आणि हातांनी अधू असलेल्या तरुणांना मिळावं. सरकारी पोर्टल तपासून देणं हे कौशल्याचं काम आहे. ते फुकट करून घेऊ नये.

२०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या साडेसदतीस लाख होती. मध्य प्रदेशात दिव्यांगांचं प्रमाण सुमारे २.१ टक्के, त्या हिशेबाने इथे ऐंशी हजारांच्या आसपास माणसं होतात. त्यांतल्या ज्यांना पोर्टल वापरता येत नाही, ती किऑस्कवर जातात. भाडं भरतात, सोबतीला घरातल्या कुणाचा रोज बुडतो, किऑस्कवाल्याला शुल्क देतात आणि आधार क्रमांक, ओटीपी, कधी बँकेचा तपशीलही परक्या माणसासमोर उघड करतात. सरकारच्या हिशेबात जो खर्च दिसत नाही, तो असा त्यांच्या खिशातून आणि त्यांच्या खासगीपणातून वसूल होतो. दिव्यांगांवरचा हा अन्याय आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या आपल्या जिल्ह्यांतही तसाच चालू आहे.

येत्या अंदाजपत्रकात ‘डिजिटल सुगम्यता’ असं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं: राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्यात, आणि छोट्या रकमेचं का होईना, प्रत्येक नगरपालिकेत. शिवाय पोर्टलच्या प्रत्येक निविदेत एक अट घालावी: अंध वापरकर्त्याने अर्ज पहिल्या पानापासून पावतीपर्यंत स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय भरून दाखवल्यावरच कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता निघेल.