बालवाडीतील आडोसा

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर ही वसाहत स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविण्यात आली. आरंभी तिचे नाव विनयनगर असे होते. अलीकडच्या वर्षांत तेथील जुनी घरे पाडून बहुमजली इमारती उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. घरांचे रूप बदलले, तरी तेथील एक गरज जुनीच आहे. आईवडील दोघेही कचेरीत गेल्यावर लहान मुलांना दिवसभर कोठे ठेवावयाचे? दिल्लीतील अशा कर्मचारी-कुटुंबांसाठी गृह कल्याण केंद्र ही संस्था पाळणाघरे चालवीत आली आहे. आणि प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. जागा मात्र बहुधा एकच मोठी खोली असते. तिच्या एका कोपऱ्यात तान्ही मुले निजलेली, दुसऱ्यात चार वर्षांची मुले ठोकळे रचीत बसलेली, तिसऱ्यात दूध तापत असलेले. मग मध्ये आडोसा घालण्याचे ठरते, आणि बाजारात जो स्वस्त किंवा दिसावयास सुबक असेल तो विकत आणला जातो.

ही निवड शोभेची नव्हे, यंत्रशास्त्राची आहे. प्लायवुडचा १२० सेंटिमीटर उंच आडोसा घ्या. त्याचे वजन १२ किलो असून खालचे पाय एकूण ४० सेंटिमीटर रुंद आहेत, असे समजा. त्याचा भार मध्यभागी, म्हणजे कडेपासून २० सेंटिमीटरवर पडतो. मुलाने तो ९० सेंटिमीटर उंचीवर धरून ओढला, तर १२ ला २० ने गुणून ९० ने भागावे. उत्तर येते अवघे पावणेतीन किलो. तीन वर्षांच्या मुलाचे वजन साधारणपणे १२ ते १४ किलो असते. त्याने सहज हात टेकून अंग झोकले, तरी आडोसा त्याच्यावर किंवा पलीकडे निजलेल्या बाळावर कोसळेल. दिल्लीच्या उन्हाळ्यात खिडकीतल्या कूलरचा झोत पडद्याच्या चौकटीवर सतत आदळत असतो, हेही विसरता येत नाही.

खेळण्यांनी भरलेले बुटके कपाट यापेक्षा कितीतरी बरे. ५० किलो वजनाच्या आणि ४० सेंटिमीटर खोलीच्या कपाटाला ८० सेंटिमीटर उंचीवर साडेबारा किलोचा जोर लागतो. परंतु दोन मुले मिळून तेवढा जोर लावू शकतात, आणि फळ्यांवर पाय देऊन चढणे हा तर मुलांचा आवडता खेळ. म्हणून कपाटाचे एक टोक भिंतीशी लोखंडी पट्टीने जखडावे, किंवा दोन कपाटे काटकोनात जोडून ठेवावीत. काटकोनाने तळाचा पाया रुंदावतो. घडीचा पडदाही नागमोडी उभा केला म्हणजेच टिकतो, सरळ ताणला की डोलू लागतो. त्याच्या बिजागऱ्यांत बोटे चिरडतात ती वेगळीच.

उंचीविषयी पाश्चात्य सल्ला असा, की आडोसा मोठ्या माणसाच्या कमरेइतका असावा, म्हणजे वरून सर्व दिसते. उभ्या किंवा खुर्चीवर बसलेल्या शिक्षिकेला हे लागू पडेल. आपल्याकडील बालवाडीची सेविका सतरंजीवर, मुलांच्या घोळक्यात बसते. जमिनीवर बसलेल्या स्त्रीची दृष्टी सुमारे पाऊण मीटर उंचीवर असते. एक मीटरचा भरीव तक्ता तिच्यापुढे भिंतच ठरतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा मुलांच्या अंगणातच वर्ग भरविण्याची कल्पना त्यांनी रुजविली. तेथे आडोसा नव्हता, आणि बाईंच्या नजरेआड मूलही नव्हते. खोलीत हे साधावयाचे तर आडोशाचा खालचा भाग पारदर्शक हवा. मागची फळी नसलेले कपाट किंवा उभ्या गजांची चौकट त्याला चालेल. आडवे गज मात्र टाळावेत. त्यांची शिडी होते.

गजांमधील अंतर ९ ते २३ सेंटिमीटरच्या दरम्यान कधीही ठेवू नये. अशा फटीतून मुलाचे धड पाय पुढे करून सरकते, पण डोके अडकते आणि गळ्यावर भार येतो. तान्ह्या मुलांच्या बाजूस तर हे अंतर ६ सेंटिमीटरहून अधिक नसावे.

सरोजिनी नगरसारख्या वसाहतीत जुनी घरे पाडली जातात, तेव्हा तेथील दारे व चौकटी स्वस्तात विकल्या जातात. त्यांतून आडोसा बनविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात ते पुष्कळ अधिक असू शकते. दात येणारे मूल हाताशी येईल ती कड चावते, आणि शिसे वाढत्या मेंदूला अपाय करते. जुने लाकूड घ्यावयाचेच असेल, तर त्याची जागा मुलांचा हात पोहोचणार नाही अशीच असावी. जुना रंग मुलांच्या खोलीत खरवडणे हे तर त्याहून वाईट, कारण त्याची धूळ सर्वत्र पसरते.

काही व्यवस्थापकांना वाटते, की आडोशाने गलका कमी होईल. तसे घडत नाही. अर्ध्या उंचीच्या तक्त्यावरून आवाज सुखाने पलीकडे जातो. त्यासाठी सतरंज्या आणि जाड सुती पडदे अधिक उपयोगी.

चुलीच्या बाबतीत मात्र कोणत्याही आडोशावर विसंबणे गैर आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. शोभेसाठी लावलेले थर्माकोलचे तक्ते गवताप्रमाणेच झपाट्याने पेटतात, शिवाय त्यांचा काळा धूर श्वास कोंडतो. अंगणवाडीसाठी ६०० चौरस फूट जागा आणि वेगळे स्वयंपाकघर असावे, असा दंडक आहे. तो जेथे पाळला जात नाही तेथे पैसे पडद्यावर नव्हे, भिंतीवर आणि दारावर खर्च व्हावेत. ते होईतो दूध बाहेरच तापवावे.

चाकांचा आडोसा घेतल्यास चारही चाकांना खटका असावा, आणि निजवण्याच्या वेळेपूर्वी सेविकेने तो रोज पायाने दाबून पाहावा. दाराकडे जाणारी वाट त्याने अरुंद होत असेल, तर तो तेथून हलवावा, मग खोली कितीही अव्यवस्थित दिसो.