मशीन कुठली घेऊ, हा दुसरा प्रश्न आहे

'मशीन घेण्याआधी' हा व्हिडिओ टाकल्यावर ऑस्ट्रेलियात नोकरी करणाऱ्या आपल्या एका प्रेक्षकाने मेसेज केला. "सर, घरी बिअर बनवायचं ऑल-इन-वन इलेक्ट्रिक मशीन घेतोय. ग्रेनफादर, ब्रूझिला की ब्राउमाइस्टर? दोन वर्षांनी पुण्याला परत येऊन याच मशीनवर धंदा सुरू करायचाय. साठवलेले पैसे आहेत."

शेवटची दोन वाक्यं वाचून मी जरा थांबलो. म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहितोय.

आधी मशीन समजून घ्या. मॉल्ट गरम पाण्यात साधारण तासभर मुरवायचं, तो गोड काढा हॉप्स घालून उकळायचा, थंड करायचा. हे सगळं एकाच स्टीलच्या भांड्यात होतं. खाली हीटर आणि पंप, पुढे तापमानाचा कंट्रोलर. आंबवणं मात्र वेगळ्या भांड्यात, आणि त्याला पुढे आठवडा-दोन आठवडे लागतात.

आता तुलना. ब्राउमाइस्टर जर्मनीच्या श्पायडेल कंपनीचं. काढा खालून वर मॉल्टमधून ढकलतं, बांधणी दणकट, पण तिघांत सगळ्यात महाग. ग्रेनफादर न्यूझीलंडचं. त्याच्या जी-३० मॉडेलबरोबर काढा थंड करायचा चांगला चिलर येतो. ब्रूझिला मेलबर्नच्या केगलँडचं, तिघांत स्वस्त. छंदासाठी तुम्ही ऑस्ट्रेलियात राहून घेणार असाल तर माझं मत ब्रूझिलाला. कंपनी त्याच देशातली, सुटे भाग जवळ.

घेताना वॉट बघा. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला २००० वॉटला साधारण ६५ मिनिटं लागतात, १६०० वॉटला ८० च्या पुढे. हा हिशोब उष्णता अजिबात वाया गेली नाही असं धरून आहे, प्रत्यक्षात वेळ जास्तच लागेल. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून ११० व्होल्टचं मशीन मागवू नका, आपल्याकडे २३० व्होल्ट आहे. आणि २००० वॉटला गिझरचा १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, मोबाइल चार्जरचा नाही.

आता खरं सांगू का? धंद्यासाठी यातलं एकही घेऊ नका.

पहिलं कारण कायदा. ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती बिअर घरी बनवता येते, पण लायसन्सशिवाय विकता येत नाही. अमेरिकेतही तसंच, घरी बनवलेली विकायची नाही. आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे लायसन्सशिवाय बनवणं हाच गुन्हा आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, इतरही मायक्रोब्रुअरी आहेत, पण त्या राज्य उत्पादन शुल्क विभागाचं लायसन्स घेऊन चालतात. "आधी घरी चालू करू, मग कागद बघू" हे इथे चालत नाही.

दुसरं कारण हिशोब. एका घाण्यात साधारण २३ लिटर, म्हणजे ३३० मिलीच्या ७० बाटल्या. धुण्यापुसण्यासकट सहा तास जातात. तासाला बारा बाटल्या. त्यातून मॉल्ट, बाटली, वीज, कर, भाडं आणि तुमची मजुरी काढा. काय उरतं ते कागदावर मांडा, मनात नाही.

तिसरं कारण मी स्वतः भोगलंय. माझ्या मसाल्याच्या दुकानासाठी मी वजन करणारं, भरणारं, सील करणारं ऑल-इन-वन पॅकिंग मशीन घेतलं. दिवाळीच्या तोंडावर त्याचं एक कार्ड गेलं आणि तिन्ही कामं एकदम बंद. कंपनीचा माणूस सतरा दिवसांनी आला. तोवर आई, बायको आणि मी हातातल्या सीलरवर रात्री दोन-दोनपर्यंत पाकिटं मारत होतो. सगळं एकात म्हणजे बिघाडही एकात, हे बीबीएच्या पुस्तकात मला कुणी शिकवलं नव्हतं. सिअ‍ॅटलची पिकोब्रू कंपनी २०२० मध्ये बंद पडली. तिची मशीन कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेली होती. घेणाऱ्यांच्या पोटात कसा गोळा आला असेल, विचार करा.

म्हणून दादा, तुम्हाला माझा सल्ला असा. तिकडे आहात तोवर छंद म्हणून स्वस्तातलं मशीन घ्या, हात बसवा, प्रत्येक घाण्याची वही ठेवा. साठवलेल्या पैशाला हात लावू नका. सुट्टीला पुण्याला याल तेव्हा उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन लायसन्सची फी आणि जागेच्या अटी लिहून आणा. एखाद्या ब्रुअरीत दोन महिने नोकरी मिळाली तर तीही करा. ती वही आणि तो अनुभव तुमचं भांडवल, भांडं नाही.

बाकीच्यांनाही हेच. मशीनचं कोटेशन मागवण्याआधी तीन ओळी लिहा: हे विकायची परवानगी मला आहे का? तासाला किती माल निघतो? बंद पडलं तर कितव्या दिवशी चालू होईल? तुमच्या धंद्यातली उत्तरं कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातली पाच घेऊन हिशोब करू.